शबानाच्या नजरेतून

ओहोटीच्या दुपारी खाडीच्या उघड्या चिखलाचा खारट, किंचित कुजका वास आमच्या देवबागच्या घरापुढच्या खळ्यात भरून राहतो. त्या वासात, झावळ्यांतून ठिबकणाऱ्या उन्हात, प्रतीक्षा, सोनाली आणि मी, आम्ही मैत्रिणी मोबाईलवर लढाईचा खेळ खेळायचो. संघ मी जमवलेला. नेम माझा, हाक माझी, बाकीच्या माझ्यामागून धावणाऱ्या. चौथी कमी पडली म्हणून मालवणच्या मासळी व्यापाऱ्याची मुलगी शबाना आमच्यात आली, आणि पाहता पाहता सगळ्यांचे कान तिच्या आवाजाकडे वळले.

डाव संपल्यावर पडद्यावरच्या गुणांत तिचं नाव माझ्या वर दिसलं की भर उन्हात माझे तळवे गार पडत. तिच्या गालावरची खळी मला आवडायची, म्हणून अधिकच खुपायची. वर ती निर्मळपणे म्हणे, “तुझ्याकडसूनच शिकलंय गो मी!” त्या कौतुकाने तर अंगाचा दाह होई.

कुडाळच्या स्पर्धेत, अंतिम डावात, तिच्याआधी शत्रू टिपायचे म्हणून मी एकटीच पुढे धावले. काही टिपलेही, मग पडले. या खेळात मेलेल्याला उरलेला डाव सोबतिणीच्या नजरेतून दिसतो. माझ्या पडद्यावर शबानाची नजर उघडली.

तिचा नेम माझ्याहून सरस नव्हताच. पण ती सारखी मागे वळून पाहत होती. कोण कुठे राहिलं, कोण घाबरलं. भिंतीआड अडकलेली प्रतीक्षा ओरडली, “शबाना, माका काय एक दिसणा नाय!”

“थंयच रव. भिया नको, मी येतंय.”

नेमात आलेला शत्रू तसाच सोडून ती परतली. मी सोडला नसता. मग प्रतीक्षा आणि सोनाली तिच्या दोन्ही बाजूंना अशा लढल्या, जशा माझ्यामागून कधीच लढल्या नव्हत्या. आम्ही जिंकलो. गुणांत त्या दिवशी मी शबानाच्या वर होते. ते कुणाच्या लक्षातही आलं नाही.

परतीच्या एसटीत कलत्या उन्हाची तांबूस तिरीप तिच्या मिटल्या पापण्यांवर पडली होती. डोकं माझ्या खांद्यावर टाकून ती निवांत झोपलेली. मत्सर ओसरला नव्हता. तो नेमावरून उठून कुठेतरी अधिक खोल जाऊन बसला होता, जिथे सरावाने पोहोचता येईल की नाही, ठाऊक नव्हतं. खांद्याला रग लागली, तरी तिची झोप मोडू नये म्हणून मी हलले नाही. आणि हलले नाही हे कुणी पाहिलं का, म्हणून हळूच समोरच्या दोघींकडे नजर टाकली.