माझ्यावर घ्या, मॅडम

"घ्या मॅडम, माझ्यावर घ्या!" असं म्हणत काका खुर्ची ओढून बसायचे. धाराशिवच्या आमच्या कॉलेजात मानसशास्त्राच्या प्रयोगशाळेचे ते शिपाई. कुणाला प्रयोगासाठी माणूस मिळाला नाही की काका हजर. इतक्या वेळा मोजलेलं डोकं अख्ख्या जिल्ह्यात दुसरं नसेल.

एरवी हा माणूस मिनिटभर कुठे टेकायचा नाही. तेर गावाहून पहिल्या गाडीने यायचं, कुलूप काढायचं, मग वायरी गुंडाळ, पुसलेली काच पुन्हा पूस. तुम्ही पाहिलं असतं तर तुम्हालाच दम लागला असता.

आमचा प्रयोग साधा. पडद्यावर आकडा येतो. चौकट निळी असेल तर सम की विषम, पिवळी असेल तर पाचाहून लहान की मोठा, ते बटण दाबून सांगायचं. रंग बदलला की बोट क्षणभर घोटाळतं. तो क्षण मोजला की मन किती चटकन वळतं ते कळतं. काकांचं बोट घोटाळायचंच नाही! बाहेरून आलेल्या परीक्षकांना एकदा त्यांचा निकाल पाहून मुलींनी आकडे मनानेच भरल्याचा संशय आला होता.

नवख्या मुली मात्र चुकायच्या, रडवेल्या व्हायच्या. काका पाणी आणून द्यायचे. "नियम बदलल्यावर माणूस अडखळणारच की. जरा दम खा, पोरी. लई घाई करू न्हाय."

ते निवृत्त झाले. हार घातला, फोटो काढला. दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने काका पुन्हा हजर. मला हसूच आलं. पण महिना उलटला तरी तेच. "घरी बसून करू काय, मॅडम? हात गप राहत न्हाईत," म्हणायचे. नवा शिपाई कुरकुरू लागला. प्राचार्यांनी मला बोलावून सांगितलं, "तुमचं ऐकतील, तुम्हीच सांगा." मी चार दिवस टाळाटाळ केली. स्वतःचीच चीड येत होती.

शेवटी म्हटलं, "काका, उद्यापासून तुम्ही... आता येऊ नका."

ते वायर गुंडाळत होते. हात थांबला. सेकंदाच्या तुकड्यांचा हिशेब ठेवणारी मी, पण तो वेळ मला मोजता आला नाही. फार लाज वाटली.

"व्हय, मॅडम," ते म्हणाले. "अडखळलो जरा."

वायर पुरती गुंडाळून त्यांनी खिशातली किल्ली टेबलावर ठेवली. त्यानंतर ते आले नाहीत.

परवा एक मुलगी प्रयोगासाठी माणूस शोधत आली. मी काकांची खुर्ची ओढली. "घे, माझ्यावर घे."

पहिल्याच वेळी रंग बदलला आणि माझं बोट हवेतच राहिलं.