खडूची गोळी

"चोळी वर कर."

चावडीपुढच्या पारावर मी उभी होते आणि कंपाउंडर मला हे दुसऱ्यांदा सांगत होता. अकरा वर्षांची होते मी. समोर खुर्च्यांवर पाटील आणि पुण्याहून आलेला डॉक्टर. मागे सगळं गाव. मी हात आवळून धरले, तर त्यानंच चोळी ओढून वर केली आणि डाव्या बरगडीखाली चार बोटं खुपसली. मला ओकारी आली.

"पाणथरी चार बोटं," तो ओरडला. हिवतापानं पोटात जी गाठ वाढते ना, तिला पाणथरी म्हणतात. डॉक्टरनं वहीत लिहिलं. मग कंपाउंडरनं काडी निळ्या शाईत बुडवून माझ्या पोटावर आकडा काढला. सतरा.

"धनगराची पोर हाय, डाक्टर," पाटील म्हणाले. "पोट म्हशीगतच असायचं."

सगळे हसले. माझी आयही हसली. भीतीनं हसली, पण हसली. ते मी आजपर्यंत विसरलेले नाही.

माझ्या मागे माझी धाकटी बहीण सखू होती. सहा वर्षांची. तिच्या पोटावर बावीस आकडा निघाला. तिला गुदगुल्या झाल्या म्हणून ती खिदळली, तर कंपाउंडरनं तिच्या डोक्यात टपली मारली.

आमचा धनगरवाडा तोरण्याच्या अंगाला, वर रानात. सात घरं, म्हशी आणि शेळ्या. खाली वेल्ह्याच्या बाजाराला लोणी घेऊन उतरायचं, नाहीतर कुणाशी संबंध नाही. दसरा झाला की हिवताप यायचाच. दरसाल एकदोन पोरं न्यायचा. त्या वर्षी पाटलांचा निरोप आला, नवं औषध निघालं आहे, डॉक्टर फुकट देणार आहे, सगळ्यांनी खाली या. जो येणार नाही त्याची रानातली चराई बंद. औषधाचं आमंत्रण असं असतं हे मला तेव्हा कळलं.

डॉक्टर कुणाच्या पगारावर होता, कुणी पाठवला होता, ते आम्हाला कधीच कुणी सांगितलं नाही. घोड्यावर बसून यायचा. मराठी शुद्ध बोलायचा. मी त्याला 'ते' म्हणणार नाही.

एक गोष्ट मी त्या दिवशीच बघितली. पाटलांची पोरं रांगेत नव्हती. त्यांनाही ताप यायचा. पण मी लोणी द्यायला जायची तेव्हा पाटलीणबाई फडताळातून हिवतापावरच्या कोयनेलची बाटली काढून पोरांना गुळासोबत द्यायच्या. ते औषध जुनं, माहीत असलेलं, लागू पडणारं. रांगेत आम्ही होतो. आम्ही आणि महारवाडा.

दर आठवड्याला प्रत्येकाला आपापल्या आकड्याची पुडी मिळायची. कुणाच्या पुडीत पिवळ्या गोळ्या, कुणाच्या पांढऱ्या. माझ्या पिवळ्या. सखूच्या पांढऱ्या. डॉक्टर म्हणाला, "दोन्ही औषधंच आहेत. आपापल्या पुडीतली खा."

आता आमच्या वाड्याची रीत सांगते. कुणाचीही म्हैस व्याली तरी चीक सातही घरी जातो. रानात मधाचं पोळं गावलं तर ते काढणारा एकटा खात नाही. वाड्यावर आलेली वस्तू वाटून खायची. न वाटणाऱ्याच्या घरी कुणी पाणी पीत नाही. आयनं पुड्या सोडल्या. पिवळी गोळी जिभेला लावली, कडूजहर. पांढरी लावली, मातीसारखी. ती म्हणाली, "एकीच्या ताटात भाकर आन् दुसरीच्या ताटात कोंडा? आपल्यात चालत न्हाई." तिनं सातही घरच्या पुड्या एका टोपलीत ओतल्या. पिवळ्या गोळ्या अडकित्त्यानं फोडल्या आणि सगळ्यांना सारख्या वाटल्या. बावीस नंबर, सतरा नंबर, तिला काय ठाऊक? तिला पोरं ठाऊक होती.

सखूला दसऱ्यापासून ताप येत होता, तो उतरला. महिन्याभरात ती शेळ्यांमागं पळायला लागली. आम्हा सगळ्यांचे तळवे हळद लावल्यासारखे पिवळे झाले. ते त्या गोळीनं होतं.

त्यावरूनच डॉक्टरला कळलं. पांढऱ्या गोळीवाल्यांचेही तळवे पिवळे कसे? त्यानं विचारलं आणि माझ्या भोळ्या आयनं हात दाखवून अवलक्षण केलं. अभिमानानं म्हणाली, "सायेब, आमी वाटून खाल्ल्या."

तो खुर्चीतून उठला. आयच्या अंगावर हात टाकला नाही, शिकलेला होता. वही आपटली. "जनावरं बरी. जनावरं आपल्या दावणीला खातात. महिन्याचं काम मातीत घातलं ह्या बाईनं." मग पाटलांकडं वळून म्हणाला, "पांढऱ्या गोळीत नुसती खडूची भुकटी होती हो. औषध घेणारे आणि न घेणारे, दोघांत फरक किती पडतो, तेच तर बघायचं होतं. आता पुन्हा पहिल्यापासून."

आमच्यासमोर बोलला. भिंतीसमोर बोलावं तसं. मला कळणार नाही असं त्याला वाटलं. मला कळलं. आयलाही कळलं. तिनं सखूचा हात इतका दाबला की सखू रडायला लागली.

वाड्यावर चढताना बा म्हणाला, "रानात नवा पाला गावला की आपुन आदी भाकड शेळीला चारून बघतो. तसंच हाय हे."

मी म्हणाले, "पर बा, एकीला पाला आन् दुसरीला खडू चारून ती मरती का बघत बसत न्हाई आपुन."

 बा खाली मान घालून चढत राहिला. मला त्याचा राग आला. अजून आहे.

पुन्हा पहिल्यापासून. आता पुडी घरी द्यायची नाही. आठवड्यातून दोनदा खाली उतरायचं, कंपाउंडरसमोर गिळायचं, तोंड उघडून दाखवायचं. आम्ही गेलो का? गेलो. म्हशींना रान हवं होतं. आम्ही पळून जाऊ शकत होतो, पण गेलो नाही, हे मी लपवणार नाही.

सखूला आता खडूच मिळत होता. पंधरा दिवसांत तिला ताप आला. एक दिवसाआड थंडी, मग ताप, मग घाम. घोंगडी घातली तरी दात वाजायचे. मी माझी पिवळी गोळी गिळायची नाही असं ठरवलं. जिभेखाली धरायची, पाण्याचा घोट तिच्यावरून जाऊ द्यायचा, तोंड उघडायचं, जीभ खाली दाबायची. मग डोंगर चढून वर न्यायची. तोंडात एवढं कडू साठायचं की डोळ्यांतून पाणी यायचं. दोनदा जमलं.

तिसऱ्यांदा कंपाउंडरनं बोटं घालून जबडा फाकवला. बाजारात बैलाचे दात बघतात तसा. गोळी धुळीत पडली.

"कुणासाठी नेत होतीस?" डॉक्टरनं विचारलं.

"सखूसाठी. तिला ताप हाय."

"तिचा नंबर पांढरा आहे."

आयनं त्याच्या बुटांवर पदर टाकला. म्हणाली, "सायेब, ती पिवळी एकच द्या. पाटलांच्या घरचं कोयनेल तरी द्या. मी जन्मभर शेण काढीन तुमच्या दारचं."

त्यानं पाय मागं घेतला. आवाज चढवला नाही. समजावून सांगितलं, हे तर जास्त वाईट. "बाई, नंबर बदलता येत नाही. तुझ्या एका पोरीसाठी सगळं काम पुन्हा बिघडवू? हे औषध खरं ठरलं तर पुढं शंभर पोरी वाचतील." मग वहीत बघून म्हणाला, "सतरा नंबर खोडा."

त्या शंभर पोरी कुठं आहेत मला माहीत नाही. असतील, वाचल्याही असतील. पण त्यांच्यासाठी कुणाची पोर द्यायची, ते आमच्या आयला विचारून ठरलं नव्हतं. आणि पाटलांची पोरं तर त्या हिशेबात कधी नव्हतीच.

पाचव्या दिवशी, दुपारी, म्हशी पाण्यावर गेल्या असताना सखू गेली. बडबडत होती. शेळ्यांना हाका मारत होती. मग थांबली. बानं करवंदीच्या जाळीखाली खड्डा खणला.

पुढच्या वारी आम्ही पुन्हा खाली उतरलो. कंपाउंडरनं पुकारलं, "बावीस."

त्यानं रांगेवरून नजर फिरवली.

"बावीस कुठाय?"

"पुरली," बा म्हणाला.

डॉक्टरनं लेखणी खाली ठेवली. मला वाटलं, हा आता काही बोलेल. निदान मान खाली घालील. तो म्हणाला, "आधी निरोप द्यायला हवा होता. पाणथरी उघडून बघता आली असती."

माझ्या अंगात काय आलं सांगता येणार नाही. भीती होती तिथं एकदम काहीच उरलं नाही. माझा नंबर खोडला होता, तरी आयला धरून मी रांगेत उभी होते, तिथून निघाले. कंपाउंडरच्या थाळीतली एक पांढरी गोळी उचलली आणि डॉक्टरच्या तोंडापुढं धरली.

"तुमी खावा."

त्यानं खुर्ची मागं सरकवली.

"पांढरी हाय. खडूच हाय. खावा."

खडू खायला त्याचं काय जात होतं? काही नाही. पण धनगराच्या पोरीच्या हातची, तिनं सांगितली म्हणून खायची, ते त्याच्या घशाखाली उतरणारं नव्हतं. पाटलांच्या गड्यानं मला ढकललं. गुडघे फुटले. मी उठले आणि गोळी पुन्हा पुढं धरली. तेव्हा आय रांगेतून बाहेर आली. मग बा. मग सातही घरं. कुणी आरडाओरडा केला नाही. डोंगराकडं तोंड करून चालू लागलो.

पाटलांनी चराई बंद केली. त्या उन्हाळ्यात म्हशी पार घाटाखाली न्याव्या लागल्या, दोन दरीत पडल्या. पाटलांनी निरोप पाठवला, माफी मागा, रान खुलं करतो. बा जायला निघाला होता. आयनं त्याची काठी चुलीत घातली.

आता मी बाई झाले, दोन लेकरांची आय आहे. मी औषधाच्या विरुद्ध नाही. औषधानं माझी बहीण धावताना मी बघितली आहे, ते मला कुणी शिकवू नये. पण परवा देवीची लस टोचणारा वाड्यावर आला, रांग लावा म्हणाला, तेव्हा मी पायवाटेतच उभी राहिले. म्हणाले, "आदी तुमच्या दंडावर टोचा. मग ही काय हाय, कुणाला देणार, कुणाला न्हाई, समद्यांम्होरं सांगा."

तो हसला. मी हसले नाही. वाड्यावरचं कुणीच हसलं नाही. त्यानं बाही वर केली.

केली नसती तर त्याला आल्या वाटेनं खाली पाठवलं असतं. पुढं जो येईल त्यालाही हेच. रान बंद करा, काठ्या घेऊन या. माझ्या वाड्यावरचं लेकरू त्याच्या आधी तोंड उघडणार नाही.