दादाचं मानपत्र

"पोरगी बोलत काय न्हाय, पण इंग्लिश मिडियमची हाय. मानपत्र झ्याक लिवंल की," मंडळाचे अध्यक्ष बाबांना सांगत होते. मी चहा घेऊन समोरच उभी होते.

दादा भारताकडून विकेटकीपर-बॅट्समन म्हणून खेळला आणि नुकताच निवृत्त झाला. रविवारी शिवाजी पेठेत त्याचा सत्कार होता. इंग्रजी शाळेत शिकलेल्या मुलीनं मराठी मानपत्र लिहावं, हे अध्यक्षांचं डोकं.

आमच्या पेठेत खेळ म्हणजे फुटबॉल. लहानपणी दादाच्या हातात ग्लोव्हज बघून याच अध्यक्षांनी त्याला गोलकीपर केलं आणि एका मॅचमध्ये तीन गोल बसल्यावर सगळ्यांसमोर हाकललं. दादा देशाकडून खेळला तेव्हा चौकातल्या फ्लेक्सवर अध्यक्षांचा चेहरा दादापेक्षा मोठा. मग त्याच्याकडून एक स्टंपिंग सुटलं आणि तो संघाबाहेर गेला. तेव्हा त्याच फ्लेक्सखाली उभं राहून हेच अध्यक्ष म्हणत होते, "हात न्हाईत गा त्याला. मी पहिल्यापास्नं सांगतोय." दोन वर्षांनी दादानं पुनरागमन करून शतक ठोकलं. फटाके पुन्हा यांचेच.

दादाला कीपर केलं आईनं. गच्चीवरच्या दोरीवर ती चादर वाळत घालायची आणि मागून, चादरीखालून दादाला बॉल टाकायची. समोर बॅट्समन आडवा आला की कीपरला बॉल उशिरा दिसतो, एवढंच तिला दादानं सांगितलं होतं. शाळेआधी रोज, सात वर्षं. आता तिचा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. डबे वरच्या फळीवरून मी काढून देते.

शनिवारी अध्यक्ष मानपत्र बघायला आले. मोठ्यानं वाचता वाचता चादरीच्या ओळीवर थांबले.

"हे कशाला, ताई? घरातलं घरात ठिवायचं. हितं लिवा, पहिले गुरू म्हणून आमचं नाव. गोलकीपर कुणी केलता त्याला?"

बाबांनी होकारार्थी मान हलवली. दादा मोबाईलमधून डोकं वर न काढता म्हणाला, "लिही गं. कार्यक्रम त्यांचा आहे. काय फरक पडतो?" जगभर फास्ट बॉलर्ससमोर उभा राहिलेला माझा भाऊ.

आई स्वयंपाकघराच्या दारात आली होती. मानपत्रात आपण आहोत हे तिला तेव्हाच कळलं, आणि आपल्याला काढतायत हेही. ती पदराला हात पुसत राहिली, ओले नसलेले.

अध्यक्षांनी खिशातलं पेन काढून माझ्यापुढे धरलं. मी ते घेतलं नाही. माझा आवाज बारीक आला, पण आला.

"ही ओळ राहील, काका. तुमचंही नाव हवं असेल, तर तुम्ही त्याला हाकललं होतं, ते लिहिते."