टोचतं का, सांगजो

दोन कानांत दोन वेगळी कानातली घालून ताठ मानेनं भाजी आणायला जाणारी बाई अख्ख्या नागपुरात एकच झाली, आणि तीच नेमकी मोठी जाऊ म्हणून माझ्या वाट्याला आली. तार आणि पैलूदार काचमणी घेऊन ती घरीच कानातली करायची. पोळपाटाशेजारी तिची पकड पडलेली असायची. कुणाच्या वरणात निळा मणी निघाला, की "दे इकडं, त्यालेच शोधून राहिली होती," म्हणत ती तो धुऊन घ्यायची. नियम एकच: तार टोचत नाही ना, हे स्वतःच्या कानाला विचारल्याशिवाय जोड धरमपेठेतल्या दुकानात जाणार नाही. वेळ वाचावा म्हणून डाव्या कानात एक नमुना, उजव्यात दुसरा. मी तेव्हा नवी नवरी. पुण्याचं माहेर आणि मॅट्रिक पास एवढ्या भांडवलावर नाक आभाळात. रस्त्यात तिच्या बरीच मागं चालायची, जणू ही बाई कोण ते मला ठाऊकच नाही. ती भर चौकात ओरडायची, "काहून वं, पायाले मणी बांधले का तुह्या?"

तिचे यजमान हिंगण्याच्या कारखान्यात होते. ते अचानक गेले. दिवस झाल्यावर आता हिचे कान मोकळे होणार म्हणून सगळे बघत बसले, आणि ती लाल मणी निवडत बसली. सासूबाई धुसफुसत राहिल्या. नणंदेला बघायला पाहुणे यायचे त्या दिवशी मात्र त्यांनी बजावलं, "तिले सांग, कान उघडे ठेव, नाही तं बाहेर येऊ नको." निरोप घेऊन मी गेले. विधवेनं कसं राहावं यावर मी, वय वर्षं वीस, पुस्तकी मराठीत भाषण दिलं. आज आठवलं की स्वतःचाच कान पिळावासा वाटतो.

त्या दिवशी, पाहुण्यांचा मान म्हणून, तिच्या दोन्ही कानांत चक्क एकाच जोडाचे लाल लोलक होते. तिनं भाषण संपू दिलं. मग एक लोलक काढला, माझी डावी कुडी उतरवली आणि तो माझ्या कानात अडकवला. "एक तुले, एक मले. टोचतं का, सांगजो. मंग काढू."

आम्ही पोह्यांच्या बशा घेऊन बाहेर आलो. सासूबाईंचा चेहरा पडला. "हे काय वं?"

"तपासणी चालू हाय, आई. नाही टोचत म्हणून हिनं सांगतलं, का लगेच काढतो."

पाहुण्यांसकट सगळे माझ्याकडं बघू लागले. लोलक इतका हलका, की कानात काही आहे हेही कळत नव्हतं. माझ्या तोंडून जन्मातलं पहिलं वऱ्हाडी वाक्य निघालं, "अजून नाही समजून राहिलं."

पाहुण्यांतली एक बाई स्वतःचा कान पुढं करून म्हणाली, "मले पाहू द्या बरं." नणंदेचं तिथंच जमलं.

पुढं हळदीकुंकू असो की श्राद्ध, कुणी डोळे वटारले की ती मला विचारायची, "काय वं, टोचतं का?" आणि मी म्हणायची, "पाहून राहिली." तिचा लोलक शेवटपर्यंत तिच्या कानात राहिला. तो काढायची हिंमत जाळणाऱ्यांचीही झाली नाही.

माझ्या डाव्या कानात तो लोलक अजून आहे, एकटाच. नात विचारते, "आजी, दुसरं कानातलं हरवलं का?" टोचत नाही हे मला त्याच दिवशी कळलं होतं. पण कबूल केलं, की काढावं लागेल. म्हणून आरशासमोर अजूनही म्हणते, "पाहून राहिली, जाऊबाई. घाई काहून करता?"