भीमाबाईची उष्टी पळी

भीमाबाई बिड्या वळायची आणि बोलताना कोणाची भीड ठेवायची नाही. शहरातल्या नंदनवन भागाकडं जाणाऱ्या रस्त्यावरच्या त्या वस्तीत तिचं भांडण प्रसिद्ध होतं, पण भांडणाहूनही प्रसिद्ध होती तिची बुद्धजयंतीची खीर.

त्या खिरीची कथा धम्मदीक्षेनंतरच्या पहिल्या जयंतीपासूनची. वस्तीनं वर्गणी काढून दूध आणलं होतं. भीमाबाई तेव्हा नवी सून. चुलीजवळचं एक म्हातारं म्हणालं, "देवळात करते तशी न चाखता कर वं. उष्टी होईन."

भीमाबाईनं खिरीच्या गंजातून पळी भरली, फुंकर घातली, पळीलाच तोंड लावलं आणि तीच पळी पुन्हा गंजात बुडवली.

"उष्टंमाष्टं तिकडंच टाकून आलो ना आपण?" ती म्हणाली. "का गाठोड्यात बांधून आणलं?"

तिची सासू पदराआड हसली. तेव्हापासून रीतच पडली. वंदना आटोपली की भीमाबाईनं सगळ्यांसमोर पळीला तोंड लावायचं, "जमली" म्हणायचं, मगच पंगत बसायची. जिच्या आईच्या हातचं पाणीसुद्धा गावात कोणी घेतलं नव्हतं, तिची उष्टी खीर अख्खी वस्ती मागून मागून खायची. भीमाबाईला त्याचा माज होता. असायलाच पाहिजे होता.

मग तिच्या पायाच्या अंगठ्याला जखम झाली आणि ती भरेचना. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरनं साखरेचा आजार सांगितला, गोळ्या दिल्या, गोड बंद केलं. भीमाबाईनं गोळ्या घेतल्या. गोड काही सुटेना. बिडीच्या सुपड्यात तंबाखूखाली गुळाचा खडा सापडायचा.

तिचा भाऊ देवाजी खाप्याहून आला, तो धोतराच्या सोग्यात पानं बांधून. "हे गुडमार. आपल्या कुपाटीवर वेल हाय ना, तेचं," तो म्हणाला. "चाव, अन् मंग गूळ खाऊन दाखव मले."

भीमाबाईनं पान चावलं, वर गूळ टाकला आणि थुंकला. तोंडात माती.

"मेल्या, जीभ मारली तू माह्यी."

"जीभ नाई मारली वं, गोडी मारली. घंटाभरानं येते वापस."

डॉक्टर म्हणाला, पान चावा, पण गोळी सोडाल तर याद राखा. तिनं दोन्ही धरलं. जीव गुळाकडं धावला की कमरेच्या बटव्यातून पान निघायचं.

त्या साली जयंतीला तिला स्वतःचीच भीती वाटली. सकाळभर दूध आटणार, वेलचीचा वास सुटणार, हात तोंडाकडं जाणार. म्हणून तिनं गालात पान धरलं आणि खीर ढवळायला बसली. तिथंच फसली. चाखली तर काहीच नाही.

"फिक्की हाय. साखर आण वं देवकी."

"सासूबाई, लय झाली," देवकी म्हणाली.

"चाखणारी मी हाय का तू?"

पंगत बसली. पहिल्या घासाला लोकांनी एकमेकांकडं पाहिलं. समोरच्या घरची रंभाबाई म्हणाली, "खीर हाय का पाक, वं भीमा? मुंग्या बी वापस चालल्या." भरलेले द्रोण भिंतीशी पडून राहिले. भीमाबाईनं ते एकटीनं उचलले.

पुढच्या जयंतीआधी विहारात बैठक झाली. मंडळाचा अध्यक्ष धोंडबा घसा साफ करत म्हणाला, "यंदा इतवारीच्या बाजारातला हलवाई सांगू. राग नोका मानू भीमाबाई, तुमची जीभ गेली."

"हात कुठं गेले गा माहे?"

"मंग त्या दिवशी पान नोका खाऊ."

"पान नाई खाल्लं तर अर्धा गंज मीच रिकामा करीन. मले मी माहीत हाय. पाय तोडून घेऊ का तुह्या खिरीपायी?"

"मंग पळी सोडा. हलवायाले अंदाज राह्यते. तो चाखत बी नाई."

भीमाबाई त्याच्याकडं पाहतच राहिली. "न चाखता?" ती म्हणाली. "पान सोडत नाई धोंडबा. पळी तर नाईच नाई."

जयंतीला हलवाई आला तेव्हा भीमाबाईचं दूध आटत आलं होतं. चूल अडलेली, गंज अडलेला. तो लिंबाखाली बसला आणि तिच्याच जुडीतली बिडी ओढू लागला.

वंदना झाली. लोक गंजाभोवती जमले. भीमाबाईनं बटव्यातून पान काढलं, सगळ्यांना दिसेल असं तोंडात टाकलं आणि सावकाश चावत राहिली. मग पळी भरून तोंडाला लावली.

"मले माती लागून राहिली," ती म्हणाली. "आता तुमी सांगा."

आणि तीच पळी तिनं धोंडबापुढं धरली.

धोंडबाचा हात अर्ध्यावर थांबला. "वाटी देजो गा कोणी," तो हळूच म्हणाला.

"वाटी काहून? वीस साल माह्यी उष्टी खाल्ली, ते गंजात मिसळून दिसत नव्हती म्हून का?"

गर्दीतून रंभाबाई कोपर मारत पुढं आली. तिनं पळी ओढून घेतली, तोंड लावलं, टाळूला जीभ लावून विचार केला.

"एक मूठ पाह्यजे. पण माह्या मुठीनं. तुह्या मुठीचा भरोसा नाई आपल्याले."

साखर पडली, भीमाबाईनं ढवळली, रंभाबाईनं पुन्हा चाखली. "जमली."

"मले काय सांगतं? अध्यक्षाले सांग."

भीमाबाईनं पळी पुन्हा भरली आणि धोंडबापुढं धरली. हात खाली केला नाही. खिरीचा ओघळ तिच्या मनगटावरून कोपरापर्यंत गेला. धोंडबानं टोपी काढून काखेत मारली, वाकला आणि पळीला तोंड लावलं.

मग देवकी. मग एकेक करत सगळे.

शेवटी लिंबाखालून हलवाई द्रोण घेऊन आला. भीमाबाईनं त्याचा द्रोण बाजूला सारला आणि भरलेली पळी त्याच्या तोंडापुढं नेली.

"आधी चाख," ती म्हणाली.