बाबांचा आठ फुटी जॉब

रॉकेट घरात आलं ते दोन खोक्यांत. खोकी उघडल्यावर आईने विचारलं, की साडीच्या दुकानात कापड गुंडाळायला असतात तसले पुठ्ठ्याचे नळे परदेशातून कशाला मागवायचे. तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता, कारण दिसत होतं ते तसंच होतं: जाड पुठ्ठ्याचे नळे, प्लायवुडचे चार पंख, प्लायवुडच्याच गोल चकत्या, फायबरचं टोकदार नाक आणि घडी घातलेलं केशरी पॅराशूट. मोटर, म्हणजे रॉकेटला वर ढकलणारी दारूची नळी, नव्हती. ती स्फोटक वस्तूंत मोडते, कुरिअरने येत नाही. येवल्याच्या बाजूला एका कॉलेजच्या मुलांनी रीतसर परवानगी काढलेली आहे. ती मुलं वर्षातून एकदा माळावर रॉकेटं उडवतात आणि आमच्यासारख्या हौशी लोकांनाही बोलावतात. मोटर त्यांची, रॉकेट आपलं.

मी कचेरीत कारकून आहे आणि रॉकेट उडवते. नाशिकचे लोक सुट्टीला गड चढतात, द्राक्षांच्या मळ्यात फोटो काढायला जातात, त्यांना कोणी कारण विचारत नाही. मला विचारतात. आजवर मी उडवली ती हातभर लांबीची होती आणि बाबा त्यांना 'दिवाळीचा माल' म्हणायचे. हे मात्र जोडल्यावर आठ फूट होणार होतं, म्हणजे बाबांपेक्षा अडीच फूट उंच. नळा दोन्ही हातांनी धरला तरी बोटं बोटांना लागत नव्हती. बाबांनी तो टिचकी मारून वाजवून बघितला, एका डोळ्याने आरपार बघितला आणि म्हणाले की नळा सरळ आहे, आता तू वाकडा करू नकोस.

त्यांनी कामात लक्ष घालावं, हेच मला हवं होतं. बाबा सातपूरच्या एका कारखान्यात फिटर होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी दाराची कडी बसवायची असली तरी ते 'जॉब' म्हणतात आणि एका सुताचा फरक पडला तर पुन्हा करतात. पण गेलं वर्षभर त्यांनी कशालाच हात लावला नव्हता. त्यांचा उजवा हात हलत होता. बसल्याबसल्या अंगठा आणि बोट एकमेकांवर घासत राहायचं, जणू कोणी तंबाखू मळतंय. आम्हाला दिसत होतं, त्यांनाही दिसत होतं, आणि घरात कोणी त्याचं नाव काढायचं नाही असा त्यांनी कायदा करून टाकला होता. आईने विचारलं तर थंडी म्हणायचे. एप्रिलमध्येही थंडी. मी डॉक्टर हा शब्द काढला की ते कुंड्यांना पाणी घालायला उठायचे. त्या वर्षी आमच्या कुंड्यांतली झाडं पाण्याने सडली. मला एकच हवं होतं, की त्यांनी एकदा डॉक्टरकडे यावं. त्यांना एकच हवं होतं, की हे काकांना कळू नये.

काका म्हणजे आमच्याच कॉलनीतले, बाबांच्याच कारखान्यातले निवृत्त इन्स्पेक्टर. बाबांनी जन्मभर जॉब बनवले आणि काकांनी जन्मभर ते मोजून पास किंवा नापास केले. त्यातून मैत्री कशी झाली ते बुद्धच जाणे, पण झाली. रोज संध्याकाळी काका पोर्चमध्ये येऊन 'जय भीम' म्हणून बसतात आणि जगातल्या सगळ्या गोष्टींत खोट काढतात. ते आले की बाबा उजवा हात मांडीखाली घालून बसायचे. वर्षभर एका माणसाशी हातावर बसून गप्पा मारायच्या, ही सोपी गोष्ट नाही.

तर रॉकेट. त्याच्या आत एक बारीक नळा असतो, त्यात मोटर बसते. मोठ्या नळ्याला खाचा पाडलेल्या असतात, त्यांतून पंख आत जाऊन त्या बारीक नळ्याला चिकटतात. पंख काटकोनात बसले तर रॉकेट सरळ जातं, नाही तर मनाला येईल तिकडे जातं. बाबांनी माहितीपुस्तिका चाळून बाजूला ठेवली, लोखंडी अँगल आणि प्लायवुड आणायला लावलं आणि एक साचा बनवला, ज्यात पंख ठेवला की तो हलूच शकत नाही. पंख हलत नव्हता, मग हात हलला तरी चालत होतं. हे माझ्या लक्षात आलं आणि मी पुढचा पंख त्यांच्याकडे सरकवला. चार रविवार आम्ही दोघं भांडत भांडत काम करत होतो. ते मला 'धर नीट' म्हणायचे, मी म्हणायचे तुम्हीच धरा, आणि आई आतून म्हणायची की दोघांनी सोडलं तरी ते पडणार नाही. मी इतकी खूश कित्येक महिन्यांत झाले नव्हते.

पंख चिकटल्यावर एक काम उरतं. पंख आणि नळा जिथे मिळतात त्या कोपऱ्यात वरपासून खालपर्यंत इपॉक्सीची, म्हणजे वाळल्यावर दगडासारख्या होणाऱ्या गोंदाची, गोलसर पट्टी द्यायची आणि ती अंगठ्याने एका दमात ओढून गुळगुळीत करायची. त्याला साचा नाही. तिथे फक्त अंगठा. ते काम बाबांनी मी कचेरीत असताना उरकून टाकलं. मी आले तेव्हा पट्ट्या दिसतच नव्हत्या. गॅरेजवाले गाडीचा पोचा भरायला जी लांबी वापरतात, ती त्यांनी सगळीकडून भरली होती. दुसऱ्या दिवशी ती घासली आणि वर पुन्हा भरली. मग प्रायमर, मग निळा रंग, मग चकाकी. आठ दिवसांनी आमचं रॉकेट नव्या फ्रीजच्या दारासारखं लखलखत होतं आणि पंख जणू नळ्यातूनच उगवले होते.

काकांनी चष्मा कपाळावर सरकवून चारी बाजूंनी बघितलं. कुठे खोट सापडेना. शेवटी म्हणाले की रंग जरा कमी गडद चालला असता. बाबा हातावर बसून मंद हसत होते. त्यांच्या आयुष्यात काकांनी इतक्या सहज काही पास केलं नसावं.

उडवायच्या आधीच्या रविवारी कॉलेजवर तपासणी असते. रॉकेटचे दोन तुकडे करून माझ्या छोट्या गाडीत घातले, बाबा मागच्या सीटवर नाक मांडीवर घेऊन बसले. तिथली सुरक्षेचं बघणारी मुलगी वीस-एकवीस वर्षांची, पण डोळे अगदी काकांचे. तिने रॉकेट तोललं, दोरीला टांगून तोल बघितला, पुन्हा तोललं. मग मला म्हणाली, "काकू, फिनिशिंग फार सुंदर आहे. पण हे मी उडवू देणार नाही." मला काकू म्हटलेलं आवडत नाही, तो राग आधी आला. मग बाकीचं कळलं. लांबी आणि रंगाने रॉकेट जड झालं होतं, आणि तेही शेपटीकडे. शेपटी जड असली की रॉकेट वर जाता जाता वळतं आणि माणसांवर येऊ शकतं. नाकात वजन घालून तोल साधला तर एकूण वजन मोटरला पेलणार नाही. तिने सरळ सांगितलं, की पंखांजवळची सगळी लांबी काढा आणि मग आणा.

घरी आल्यावर मी पॉलिश पेपर घेतला आणि पोर्चमध्ये बसले, तर त्यांनी तो माझ्या हातातून काढून घेतला. म्हणाले, राहू दे, नाही उडवायचं, कोपऱ्यात उभं करून ठेवू, चांगलं दिसतं. माझं डोकं फिरलं. चार रविवार काय फ्लॉवरपॉट बनवत होतो का, असं मी मोठ्याने विचारलं, म्हणजे समोरच्या घरापर्यंत ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने. ते आत गेले. मी रागारागाने एका पंखाच्या मुळाशी घासायला लागले आणि थोडी लांबी उडाल्यावर थांबले.

खाली इपॉक्सीची पट्टी होती. सरळ नव्हती. वर-खाली, वर-खाली, लाटांसारखी, मध्येच एक गोळा, मध्येच रिकामी जागा आणि त्यावर पुन्हा भरलेला गोळा. अंगठा जसा हलला होता तसाच तिथे घट्ट झाला होता. बाबांनी दोनदा लांबी कशासाठी भरली ते मला तेव्हा कळलं. मजबुतीला काही धोका नव्हता, पट्टी गरजेपेक्षा जाडच होती. पण आता ती कोणीही बघू शकणार होतं आणि रविवारी माळावर काका येणार होते. मला बाबांचं इतकं वाईट वाटलं की मी पॉलिश पेपर खाली ठेवला आणि आत जाऊन सांगितलं, नाही उडवायचं तर नाही उडवू.

सकाळी जाग आली ती खरखर आवाजाने. बाबा पोर्चमध्ये मांडी घालून बसले होते, शेपटी मांडीवर आणि पॉलिश पेपर उजव्या हातात. आई म्हणाली की पहाटेपासून चाललंय, आधी लावायचं मग काढायचं, कारखाना बंद पडला त्यात नवल काय. तो कारखाना बंद पडलेला नाही, पण आईला असं बोलायला आवडतं. बाबांनी मान वर केली नाही. एवढंच म्हणाले, की ती पोरगी बरोबर होती, उडायची वस्तू उडाली पाहिजे. आठवडाभर त्यांनी घासलं. काका आले की शेपटीवर जुनी चादर टाकायचे आणि रंग वाळतोय म्हणून सांगायचे.

रविवारी आम्ही माळावर पोहोचलो तेव्हा सगळीकडे कांद्याचं हिरवं रान होतं आणि मधोमध तो ओसाड तुकडा. काका आमच्याच गाडीतून आले होते. शेपटीची चादर बाबांनी, रॉकेट ज्या उभ्या सळईला लावून उडवतात तिच्यापाशी जाऊन काढली आणि काकांना दोरीच्या बाहेर थांबायला लावलं, तेही सुरक्षेच्या नावाखाली. मुलीने तोल पुन्हा बघितला आणि मान डोलावली. मुलांनी उलटे आकडे म्हटले. आधी काहीच झालं नाही, मग एकदम पांढरा लोट आणि छातीत बसणारा आवाज, आणि आमचा निळा खांब वर निघाला. तो सरळ गेला. मी ओरडत होते, काय ते आठवत नाही. बाबा तोंड उघडं ठेवून वर बघत होते आणि त्यांचे दोन्ही हात मोकळे लोंबत होते. वर ठिपका झाला, ठिपक्यातून केशरी फूल उमललं आणि ते डुलत डुलत शेजारच्या कांद्यात उतरलं.

शेतकरी बांधावरच उभा होता. "लय वर गेलं व्हतं, बाई," तो म्हणाला, "मला वाटलं आता काय खाली येत नाय." आम्हाला त्याने वाफ्यांमधून कसं चालायचं ते दाखवलं. पाय जपत मी आणि बाबा चाललो होतो, पण काका त्यांच्या वयाला न शोभणाऱ्या वेगाने पुढे गेले आणि आम्ही पोहोचेपर्यंत रॉकेटशेजारी उकिडवे बसलेही होते. चष्मा कपाळावर गेला. त्यांचं बोट पंखाच्या मुळाशी गेलं आणि त्या लाटांवरून सावकाश फिरलं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.

"हे कोणाचं काम?" त्यांनी विचारलं.

"माझं," मी म्हणाले. "मला नीट जमलं नाही, काका."

त्या कारखान्यात प्रत्येक फिटरचा एक नंबर असायचा. जॉब झाला की तो आपल्या हाताने त्यावर आपला नंबर ठोकायचा, जॉब चांगला असो की वाईट. दुसऱ्याच्या कामावर नंबर ठोकणाऱ्याशी कोणी बोलायचं नाही. हे मला माहीत होतं, तरी मी खोटं बोलले, आणि पुन्हा वेळ आली तरी बोलेन.

"तिचं नाही," बाबा म्हणाले. "जॉब माझा आहे. हात हलतो माझा. वर्ष झालं."

त्यांनी तो हात पुढे केला. भर उन्हात, कांद्याच्या वाफ्यात, तो थरथरत होता आणि त्यांनी तो तसाच धरून ठेवला. काकांनी त्या हाताकडे बघितलं. मग विचारलं, डॉक्टरला दाखवलं का.

"नाही," बाबा म्हणाले. "भीती वाटते."

वर्षभर मी याच वाक्यासाठी आदळआपट केली होती आणि ते त्यांनी मला नाही, काकांना सांगितलं. मला राग आला आणि रडूही आलं, दोन्ही एकाच वेळी. काका गुडघ्यांवर हात टेकून उठले आणि म्हणाले की पट्टी वेडीवाकडी आहे, पण पंख काटकोनात आहेत, जॉब पास. डॉक्टरकडे मीपण येतो, असंही म्हणाले, अगदी किराणा आणायला निघाल्यासारखं.

बाबांनी पॅराशूटची घडी घालायला घेतली. ती त्यांना जमेना, म्हणून दुसरं टोक मी धरलं. घडी अर्धी झाल्यावर माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "सोमवारी बसतो का गं तो डॉक्टर?"

बसतो, मी म्हणाले. मला खात्री नव्हती. पण बसत नसता तर मी त्याला घरून उचलून आणून बसवणार होते.