दोन पट्ट्या

सुक्या बांगड्याचा वास आला की मला मिठबावमधलं ते औषधाचं दुकान आठवतं. फार्मसीचा नवा अभ्यासक्रम नुकताच लागू झाला होता. मी शिकवायचो त्या रसायनशास्त्राचे तास कमी करून मुलांना दुकानात रुग्णांशी बोलायला पाठवत होते, आणि मला ती शुद्ध धूळफेक वाटायची. त्यात एका विद्यार्थिनीची रुग्णांशी झालेल्या बोलण्याच्या नोंदींची वही इतकी नीटनेटकी आली की ती घरी बसूनच भरली असणार, असा मला दाट संशय आला. म्हणून न कळवता मी तिला नेमलेल्या मिठबावच्या त्या दुकानात गेलो आणि तिला दिसणार नाही असा पडवीत उभा राहिलो. आत एक कोळीण रिकामी पट्टी दाखवून रक्तदाबाच्या गोळ्या मागत होती. "मावशी, आजून खंयचे गोळये खातंस?" मुलीने विचारलं. बाईने तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "तुका कित्याक व्हया? खंयच्या कंपनीचा गो तू?" "कंपनीचा नाय, कॉलेजात शिकतंय," मुलगी म्हणाली आणि थांबून राहिली. शेवटी बाईने सुक्या बांगड्यांच्या पिशवीतून दुसरी पट्टी काढली. "ही कणकवलीच्या डॉक्टरान दिल्यान. पन सकाळी उठलंय की गरगरता." मी पुढे होऊन दोन्ही पट्ट्या वाचल्या. नावं वेगळी होती, औषध एकच; बाई रोज दुप्पट घेत होती. मुलीने तिथूनच डॉक्टरांना फोन लावला आणि मी मुकाट्याने वहीवर सही केली. हल्ली एखाद्या मेडिकलात माझा जुना विद्यार्थी भेटतो, वाकून नमस्कार करतो, आणि मी मात्र तो समोरच्या गिऱ्हाइकाला काही विचारतो का, याकडेच कान लावून असतो.